प्रस्तावना: आतून हलणारे द्रव

सोयाबीन किंवा हळदीवर फवारणीसाठी ‘ईसी’ प्रकारचे औषध बादलीत ओतले की पाणी बघताबघता दुधाळ होते. औषध तेलकट द्रावकात विरघळलेले असते. सोबतच्या इमल्सिफायरमुळे त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात आणि प्रकाश विखुरतात. हे इमल्शन हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहे. ते तसेच ठेवले तर काही वेळाने थर वेगळे होऊ लागतात, म्हणून पुन्हा काठी फिरवावी लागते. त्याला वाहते ठेवणारी ऊर्जा बाहेरून येते.

हीच ऊर्जा थेंबाच्या आतून आली तर? 2012 साली झ्वोनिमिर डॉगिक यांच्या गटाने पेशींतल्या सूक्ष्मनलिका आणि कायनेसिन ही मोटर-प्रथिने पाण्याच्या थेंबांत भरली व ते थेंब तेलात ठेवले. एटीपी या रासायनिक इंधनावर प्रथिने नलिका सरकवू लागली आणि थेंब कोणी न ढकलता चालू लागले. अशा मिश्रणांना सक्रिय इमल्शन म्हणतात. ती वाहतात कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

द्रवात कण मिसळले की त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, वाढते, हे आइन्स्टाइन यांनी 1906 मध्ये गणिताने दाखवले. कणांच्या जागी द्रवाचे थेंब असले तर काय होते, ते जी. आय. टेलर यांनी 1932 मध्ये मांडले. 2004 साली यशोधन हातवळणे, श्रीराम रामस्वामी, मदन राव आणि आर. अदिती सिंहा या भारतीय संशोधकांनी प्रश्नाला नवे वळण दिले. कण स्वतः पोहत असतील, तर ते भोवतालचे पाणी कसे ढकलतात किंवा ओढतात यावर श्यानता वाढेल की घटेल हे ठरते, असे त्यांचे गणित सांगत होते. पुढे प्रयोगांत दोन्ही गोष्टी दिसल्या: मागून रेटा देणाऱ्या जिवाणूंमुळे श्यानता घटली, पुढून पाणी ओढणाऱ्या क्लॅमिडोमोनास शैवालामुळे वाढली.

थेंब आणि सक्रियता एकत्र आल्यावर कागदावरचे गणित अपुरे पडते. थेंबाचा आकार, आतल्या तंतूंची दिशा आणि द्रवाचा वेग एकमेकांना सतत बदलत राहतात. म्हणून संगणकावर दोन भिंतींमध्ये हे मिश्रण कल्पायचे, भिंती विरुद्ध दिशांना सरकवायच्या आणि प्रत्येक क्षणी समीकरणे सोडवत जायचे. इटलीतल्या बारी येथील ज्युसेप्पे गोनेला यांच्या गटाने 2019 मध्ये लॅटिस बोल्ट्झमन या संगणकीय पद्धतीने हे केले. सक्रियता वाढवत नेली तेव्हा मोजलेली श्यानता काही टप्प्यांवर शून्याला टेकली, तर काही ठिकाणी धन, ऋण आणि शून्य मूल्यांमध्ये हेलकावत राहिली. यात ऊर्जेच्या अक्षय्यतेला धक्का लागत नाही. घर्षणात खर्च होणारी ऊर्जा आतले इंधन भरून काढते, इतकेच. मात्र श्यानता हा द्रवाचा कायमचा गुणधर्म आहे, ही आपली पक्की समजूत इथे सोडावी लागते. सिम्युलेशनचे खरे बळ याच ठिकाणी कळते: प्रयोगशाळेत सहज वेगळी न करता येणारी कारणे इथे एकेक करून बंद-चालू करता येतात.

या विषयात शिरायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. द्विमितीय लहान सिम्युलेशन साध्या लॅपटॉपवर चालते. मोठ्या कामासाठीची परंपराही आपल्याकडे आहे. सी-डॅकचा ‘परम 8000’ 1991 मध्ये पुण्यातच घडला, आणि त्याच शहरातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकरांसारख्यांनी जटिल द्रवांच्या अभ्यासाची शाळा उभी केली. कलनशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग येणाऱ्या बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याने, तो कुठल्याही गावचा असो, निःशंक मनाने हे पुस्तक हाती घ्यावे.

आग्रह एकच आहे. प्रत्येक प्रकरणातला प्रोग्रॅम आधी सक्रियता शून्य ठेवून चालवा आणि जुने, ठाऊक असलेले निष्कर्ष मिळतात का ते पडताळा. ते जुळले, तरच सक्रियता वाढवा. त्यानंतर दिसणारे नवल मग निसर्गाचे आहे की आपल्या चुकीचे, हे तुम्हाला अधिक खात्रीने सांगता येईल.

पुसेगाव, जि. हिंगोली