‘मे’ची कुळकथा

पेगासस हा पंखांचा घोडा जगात कुठेच नाही. मग ‘पेगासस नाही’ असं म्हणताना आपण नेमकं कोणाविषयी बोलतो? अमेरिकी तर्कज्ञ विलर्ड क्वाइन यांनी १९४८ साली यावर तोड काढली: विशेषनामाचंच विधेय करायचं. ‘पेगाससणे’ असं क्रियापद कल्पायचं आणि ‘पेगाससणारं काहीच नाही’ म्हणायचं. नाकारण्यासाठी घोडा आधी मानावा लागत नाही.

क्वाइनचं हे वाक्य लोज्बान या घडवलेल्या भाषेत थेट बोलता येतं: ‘नो दा मे ला पेगासुस’. ‘नो दा’ म्हणजे काहीच नाही, ‘ला’ ही नावाची खूण, आणि ‘मे’ त्या नावाचं विधेय करतो.

जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५मध्ये लोग्लान ही भाषा रचायला घेतली. १९८७मध्ये तिच्यातून लोज्बानची वेगळी वाट फुटली.

‘मे’ची गरज का पडली? लोज्बानमध्ये नाव व्यंजनान्त असतं, म्हणून मेरीची ‘मेरिस’ होते. विधेयाचे शब्द मात्र स्वरान्त. त्यामुळे नाव एरवी विधेयाच्या जागी बसतच नाही.

शाळेत नामधातू शिकलेल्या मराठी वाचकाला इथे संस्कृत आठवेल. ‘सिद्धान्तकौमुदी’ या व्याकरणग्रंथात ‘कृष्णति’ आहे: कृष्णासारखा वागतो. ‘मे’चं मूळ तिथे शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ‘कृष्णति’मध्ये उपमा आहे, वागणारा कृष्ण नव्हे. क्वाइनचं ‘पेगाससणे’ फक्त पेगाससलाच लागू पडतं.

‘मे’चं मूळ क्वाइनकडे शोधण्यातही एक अडचण आहेच. जॉन कॉवन यांच्या १९९७च्या लोज्बान व्याकरणात ‘मे’ ऐसपैस आहे. क्रायस्लरची मोटार सांगायलाही तो चालतो, आणि मोटार म्हणजे काही कंपनी नव्हे. पुढे मात्र लोज्बानकारांनी अर्थ आवळला: ‘मे’ म्हणजे ‘त्यांपैकी एक असणे’. हा अर्थ क्वाइनकडेच झुकतो. क्वाइनचं ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’ हे पुस्तक आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’मधला ब्राउन यांचा लोग्लानवरचा लेख, दोन्ही १९६०चे. विधेय-तर्काच्या एकाच परंपरेत दोघं वाढले, हाच ‘मे’ आणि क्वाइन यांच्यातला सगळ्यात पटणारा दुवा.

काही लोज्बानकार आता ‘मे’ गाळून नावच थेट विधेय म्हणून वापरावं, असं सुचवतात. क्वाइनच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारी सूचना हीच, आणि ती स्वीकारण्याजोगी आहे.