पाठांतर ते गुगल : विसरण्याच्या भीतीची जुनी गोष्ट

गेल्या महिन्यात साठी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या. मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि दाढ काढायची होती. दाताच्या डॉक्टरांना एवढेच हवे होते : रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का, असल्यास कोणती? ‘‘सगळं मोबाईलमध्ये आहे हो डॉक्टर,’’ आजी म्हणाल्या. मोबाईलची बॅटरी संपलेली! चार्जिंगला लावून आम्ही वाट पाहत बसलो. अखेर चिठ्ठीचा फोटो सापडला. गोळी चालू होती. निघताना त्यांनी विचारले, ‘‘या मोबाईलमुळे आमचा मेंदू गंजत चाललाय का?’’

हा प्रश्न नवा नाही. जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ‘फीड्रस’ नावाच्या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी एक गोष्ट घातली आहे. इजिप्तमधला एक देव लिपीचा शोध लावतो आणि राजाला म्हणतो, याने लोकांची स्मरणशक्ती वाढेल. राजा म्हणतो, उलट होईल. लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील, आतून आठवायचे सोडून देतील. गंमत अशी, की ही तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली, कारण प्लेटोने ती लिहून ठेवली.

आपल्याकडे तर वेद शतकानुशतके पाठांतरानेच टिकले. घनपाठात तेच शब्द पुढून मागे, मागून पुढे म्हणतात. एक शब्द हलला तरी चूक कळते. घरोघरच्या पाठांतराचे उदाहरण हवे तर पावकी, निमकी, दिडकी, औटकी आठवा. माझ्या वयाच्या वाचकांनी निदान नावे तरी ऐकली असतील. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आणे-पैच्या हिशेबाला हे पाढे लागत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे कॅल्क्युलेटर आला आणि हे पाढे मागे पडले. म्हणून कुणाचा मेंदू आजारी पडला नाही. तोंडी हिशेबाची सवय मात्र गेली.

मग इंटरनेटने वेगळे काय केले? मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली होती : जवळची माणसे स्मरणशक्ती वाटून घेतात. विम्याचा हप्ता कधी भरायचा हे नवऱ्याच्या लक्षात, नात्यातले वाढदिवस बायकोच्या. दुसऱ्याला काय माहीत आहे, एवढे आपण लक्षात ठेवतो. २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि वेग्नर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की संगणकही असाच जोडीदार बनतो. लोकांना छोटी विधाने टाइप करायला दिली. उदाहरणार्थ, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. काहींना सांगितले, हे संगणकात जतन होईल. काहींना सांगितले, पुसले जाईल. पुसले जाणार असे वाटणाऱ्यांना विधाने जास्त आठवली. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना विधानापेक्षा ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले आहे हे जास्त आठवले.

यावरून ‘गुगलने स्मरणशक्ती संपवली’ अशा बातम्या झाल्या. त्या अतिशयोक्त होत्या. याच शोधनिबंधातला आणखी एक प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तोच निष्कर्ष मिळाला नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदू गंजतो असे या अभ्यासांतून सिद्ध होत नाही. जे हाताशी मिळणार आहे ते साठवण्याचे कष्ट तो घेत नाही, इतकेच.

पण मला डॉक्टर म्हणून त्या कष्टांचीच काळजी वाटते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिले. म्हणजे आठवण्याची धडपडच आठवण पक्की करते आणि सर्च करताना आपण नेमकी तीच टाळतो.

आजींना मी गोळ्यांची नावे आणि डोस एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवायला सांगितले. शिवाय रोज गोळी घेताना पाकीट बघण्याआधी नाव आठवून पाहायचे. चुकले तर वाचायचे, गोळी मात्र वाचूनच घ्यायची. मुलीचा फोन नंबरही तसाच.

फोन नंबर आठवत नाही म्हणून घाबरून कुणी तपासायला येऊ नका. पण ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा स्वयंपाक किंवा पैशांचा व्यवहार न जमणे, असे होऊ लागले तर मोबाईलला दोष देत घरी बसू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, अपुरी झोप यांमुळेही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत. अशा वेळी घरातल्या एका माणसाला बरोबर घेऊन या. काय बदलले आहे हे बहुतेकदा तेच नीट सांगू शकते.