राऊटर बिट घेताय? आधी दांडा मोजा

लाकडात खाच पाडणे, टेबलाची कड गोल करणे, प्लायवर चिकटवलेल्या सनमाइकाची बाहेर आलेली पट्टी साफ कापणे, ही कामे आपण राऊटरने करतो. पण प्रत्यक्ष कापतो तो त्यात बसवलेला बिट. मशीन घेण्याआधी आठवडाभर रिव्ह्यू पाहणारे अनेकजण बिट मात्र नुसता फोटो पाहून मागवतात. त्यात पैसे वाया जातात आणि कधी कधी हातावरही बेतते.

दांड्याचे माप सर्वात आधी

बिटचा जो गोल भाग मशीनमध्ये जातो, तो दांडा किंवा शँक. त्याला पकडून ठेवणारा मशीनचा भाग म्हणजे कोलेट. छोट्या ट्रिमरसाठी ६ मिमी आणि पाव इंच, तर मोठ्या राऊटरसाठी ८ मिमी, १२ मिमी आणि अर्धा इंच ही मापे बाजारात मिळतात.

गोंधळ होतो तो ६ मिमी आणि पाव इंचात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. फरक जेमतेम ०.३५ मिमीचा, नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. पण ६ मिमीचा दांडा पाव इंची कोलेटमध्ये कितीही आवळला तरी पकड भरवशाची नसते. काम चालू असताना दांडा घसरतो, खाच आपोआप खोल होत जाते आणि बिट निसटून बाहेरही फेकला जाऊ शकतो. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, यांचेही तसेच. म्हणून मशीनच्या माहितीपुस्तिकेत कोलेटचे माप पाहा आणि बरोबर त्याच मापाचा बिट घ्या. शंका असल्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

मशीनसोबत दोन्ही प्रकारचे कोलेट असतील तर जाड दांडा निवडा. जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध सोळापट होतो. त्यामुळे थरथर कमी होते आणि काप स्वच्छ येतो.

स्टील की कार्बाइड?

हायस्पीड स्टीलचा बिट स्वस्त असतो आणि मऊ लाकडावर छान चालतो. पण प्लाय आणि एमडीएफमधला कडक झालेला गोंद त्याची धार लवकर घालवतो. आपल्याकडचे बरेचसे फर्निचर प्लाय आणि सनमाइकाचे असल्यामुळे कार्बाइडची पाती जोडलेला बिट घेणे शहाणपणाचे. अख्ख्या कार्बाइडचा बिट सर्वात जास्त टिकतो, पण तो ठिसूळ असतो. फरशीवर पडला तर टवका उडू शकतो.

सुरुवातीला चार पुरेत

• सरळ बिट: खाचा आणि खोबणीसाठी. ६ किंवा १२ मिमी व्यासाचा घ्या. १८ मिमीचा प्लाय अनेकदा थोडा कमी जाडीचा निघतो, त्यामुळे १८ मिमीच्या बिटने पाडलेली खाच सैल होते. लहान बिट दोनदा फिरवून हवी तेवढी रुंदी मिळते.
• बेअरिंगचा फ्लश ट्रिम बिट: सनमाइकाची जादा कड कापण्यासाठी.
• राऊंड ओव्हर बिट: कडा गोल करण्यासाठी.
• व्ही बिट: अक्षरे आणि नक्षी कोरण्यासाठी.

पंधरा नगांच्या संचातले अर्धे बिट डब्यातच पडून राहतात. त्याच पैशात हे चार चांगले बिट आले तर काम जास्त होते.

मोठा बिट, कमी वेग

छोटा ट्रिमर मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेतो. त्या वेगात १२ मिमी व्यासाच्या बिटची धार ताशी सुमारे ६८ किमी वेगाने फिरते. ५० मिमीचा बिट त्याच मशीनला लावला तर हाच वेग ताशी २८० किमीच्या पुढे जातो! म्हणून मोठे बिट वेग कमी करता येणाऱ्या मोठ्या राऊटरवरच लावावेत. बिटवर किंवा पाकिटावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा कधीही ओलांडू नका.

दुकानात काय तपासाल?

• कार्बाइडचे पाते जाड आहे का? जाड पात्याला पुन्हा धार लावता येते.
• पाते जिथे जोडले आहे तिथे फट किंवा भोके नाहीत ना?
• बेअरिंग न अडकता फिरते का?
• दांडा गुळगुळीत आहे का? चरे पडलेला दांडा नीट पकडला जात नाही.

बसवताना आणि वापरताना

बिट बदलण्याआधी प्लग काढा. दांडा पूर्ण आत घाला, मग २-३ मिमी बाहेर ओढून आवळा. एका वेळी साधारण ३ मिमीच खोल जा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच.

लाकूड काळे पडू लागले तर लगेच नवा बिट आणायला धावू नका. मशीन फार हळू सरकवल्यानेही लाकूड जळते. बिटवर राळ साचली असेल तर ती साफ करून पाहा, अनेकदा धार शाबूत असते. पण दांडा घासलेला, वाकलेला किंवा पाते तडकलेले दिसले, तर तो बिट किती महाग होता याचा विचार न करता फेकून द्या.