टेपने मापलेली शैली

नवा मुलगा बॉक्सिंगच्या वर्गात आला की त्याच्या उंचीवरून त्याची शैली ठरून जाते. उंच, लांब हातांचा असेल तर त्याने लांबून जॅब मारायचा. बुटका, दणकट असेल तर आत घुसून हुक आणि अपरकट हाणायचे. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिची तपासणी करण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

आधी पूर्वपक्ष. लांब हातांचा खेळाडू समोरच्याच्या टप्प्याबाहेर राहून ठोसा पोहोचवू शकतो, आणि हा फायदा सोडणे वेडेपणाच. उलट 5 फूट 10 इंचांचा, आखूड हातांचा रॉकी मार्सियानो लांबून जॅब खेळत बसला असता, तर हेवीवेटमध्ये 49 लढती जिंकून अपराजित निवृत्त झाला नसता. प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याला वाकून लढायला शिकवले, ते फळले. इथवर मतभेद नाही.

पण मार्सियानो तरला तो बुटकेपणामुळे? 23 सप्टेंबर 1952 रोजी जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले. पुढे तो गुणांवरही मागे होता; तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने लढत संपवली. आत घुसणाऱ्याला वाटेत मार खावाच लागतो. तो पचवणारी हनुवटी आणि शेवटपर्यंत पुरणारा दम असेल, तरच हा सौदा परवडतो. माइक टायसनही तेवढ्याच उंचीचा आणि आत घुसणाराच; पण त्याचे भांडवल होते डोके हलवण्याची चपळाई आणि सुरुवातीचा झंझावात. 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने लढत दहाव्या फेरीपर्यंत लांबवली आणि टायसन नॉकआउट झाला. उंची एक, पण एकाची पुंजी दुसऱ्याकडे नव्हती.

याहून ठोस पुरावा फेदरवेटमध्ये सापडतो. 1948 ते 1951 या काळात विली पेप आणि सँडी सॅडलर चार वेळा भिडले. सॅडलर पेपपेक्षा जवळपास तीन इंच उंच. रूढ नियमाने सॅडलरने लांबून खेळायचे आणि पेपने अंगावर जायचे. घडले नेमके उलटे. सॅडलर पेपला धरून, ढकलून जवळून हुक मारत राहिला, तर पेप पायांच्या जोरावर निसटत राहिला. सॅडलरने तीन लढती जिंकल्या. पेपने 1949 ची एकमेव लढत जिंकली तीही पळते पाय आणि जॅब यांवरच. दोघेही आपापल्या अंगच्या गुणाने लढले.

हे जुन्या काळापुरते नाही. 6 फूट 3 इंचांच्या ओलेक्झांडर उसिकने 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये 6 फूट 9 इंचांच्या टायसन फ्युरीला हरवले. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर आदळला आणि रेफ्रीला आकडे मोजावे लागले. तिथवर उसिक पोहोचला तो पाय हलते ठेवून आणि कोन बदलून, छातीला छाती भिडवून नव्हे. आपल्याकडे मेरी कोम आहेच. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचे तीनच वजनगट होते, सर्वांत हलका 51 किलोचा. 48 किलोत विश्वविजेती ठरलेली मेरी तिथे अंगाने मोठ्या खेळाडूंशी लढली आणि झटकन आत, झटकन बाहेर अशा चपळ पायांवर ब्राँझ घेऊन आली.

शिवाय ज्या मापावर एवढी भिस्त ठेवली जाते, ते तरी काय सांगते? हातांचा पल्ला मोजतात तो दोन्ही हात पसरून, एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यात छातीची रुंदीही येते. म्हणजे सारख्या पल्ल्याच्या दोघांचे हात सारखे लांब असतीलच असे नाही.

मग शैली ठरवायची कशी? उंचीमुळे एवढेच कळते की कोणते अंतर ओलांडायचे किंवा राखायचे आहे. ते कसे, हे पाय, डोळे, दम आणि स्वभाव ठरवतात. मुलाला एकदा उंच आणि एकदा बुटक्या जोडीदाराबरोबर स्पॅरिंग करू द्या. ठोसा येताना त्याचे डोळे मिटतात का? मार बसल्यावर तो मागे सरतो की पुढे येतो? तिसऱ्या फेरीत दमल्यावरही पाय हलतात का, की तो जागीच रुतून हातच चालवतो? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत प्रशिक्षकांनी शैलीचा शिक्का मारू नये. टेप वजनकाट्याशेजारी टांगलेली राहू द्या.