ज्याच्या हाती नाव, त्याच्या हाती नोंद

'आदिवासींच्या आरोग्यावर संशोधनच झालेले नाही' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. अनेकदा ते खोटे असते. संशोधन झालेले असते, छापलेलेही असते. पण ते ज्या नावाखाली ठेवलेले असते ते नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नसते, सत्तेने दिलेले असते. कॅनडाचा इतिहास याची साक्ष देतो.

तिथे मूलनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून सरकार आणि चर्च यांच्या निवासी शाळांत डांबले जात होते. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ साली या शाळांची पाहणी केली. ज्या शाळांनी माहिती दिली, तिथल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुले मरण पावली होती. मुख्य कारण क्षयरोग. सरकारने उपाय केले नाहीत. नोकरीतून बाहेर पडावे लागल्यावर ब्राइस यांनी १९२२ साली स्वतःच पुस्तिका काढली आणि याला 'राष्ट्रीय गुन्हा' म्हटले. म्हणजे आकडे होते, अहवाल होता. नव्हती ती फक्त इच्छा.

पुढचा प्रकार याहून भयंकर आहे. १९४२ साली सरकारी डॉक्टर आणि पोषणतज्ज्ञ उत्तर मॅनिटोबातील क्री वस्त्यांमध्ये गेले. फरचा व्यापार बसलेला, सरकारी मदत तुटपुंजी, लोक उपाशी. या लोकांना अन्न हवे हे उघड दिसत होते. पण तज्ज्ञांनी सुमारे ३०० कुपोषित लोकांपैकी १२५ जणांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि उरलेल्यांना तुलनेसाठी तसेच ठेवले. १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांमधील जवळपास हजार मुलांवर असेच प्रयोग झाले. पोर्ट अल्बर्नीच्या शाळेत मुलांना गरजेपेक्षा निम्म्याहून कमी दूध मिळत होते. ते दोन वर्षे मुद्दाम तितकेच ठेवले गेले, नंतरच्या वाढीशी तुलना करता यावी म्हणून! काही शाळांत दातांचे उपचार रोखले गेले, कारण उपचार केले तर निष्कर्ष बिघडले असते.

आता मुख्य मुद्दा. मॅनिटोबाची पाहणी गुप्त नव्हती. १९४६ साली ती कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली, ग्रंथालयांच्या कपाटात बसली. डॉक्टरांनी वाचली असेल. पण ज्यांच्या शरीरावर ती लिहिली गेली, त्यांच्यापर्यंत हा सगळा प्रकार पोहोचायला २०१३ उजाडले. त्या वर्षी इतिहासकार इयान मॉस्बी यांनी जुने सरकारी कागद आणि छापील निबंध जोडून ही साखळी उघड केली.

आज एखादी क्री विद्यार्थिनी 'फर्स्ट नेशन्स' किंवा 'इंडिजिनस' हे शब्द टाकून शीर्षके शोधू लागली, तर १९४६ चा तो निबंध तिला सापडणार नाही. त्याच्या शीर्षकात शब्द आहे 'इंडियन्स'. इन्युइट लोकांची जुनी माहिती हवी तर 'एस्किमो' हा त्यांना नको असलेला शब्दच टाकावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची विषयसूची जगभर वापरली जाते. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिच्यात 'ऑस्ट्रेलॉइड वंश' असे शीर्षक होते. नंतर ते 'ओशनिक वंशावळ' झाले. ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींना त्यांच्या स्वतःच्या नावाचे शीर्षक अगदी अलीकडे मिळाले.

कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे? बाबासाहेबांना विचारा! १९३२ साली लोथियन समितीसमोर प्रांतोप्रांतीचे सवर्ण पुढारी सांगू लागले, आमच्याकडे अस्पृश्य जवळपास नाहीतच. व्याख्या आवळली की माणसे गायब, माणसे गायब की हक्क गायब. हे कारस्थान बाबासाहेबांनी ओळखले, सरकारी अहवालांतलेच आकडे बाहेर काढून ते उघडे पाडले.

मूलनिवासींनीही तेच केले. १९९८ साली कॅनडातील फर्स्ट नेशन्सने आपल्या आरोग्य सर्वेक्षणाच्या कामातून चार तत्त्वे मांडली: आमच्या माहितीवर मालकी आमची, नियंत्रण आमचे, ती पाहण्याचा हक्क आमचा, ताबा आमचा. ऑस्ट्रेलियात लोवित्जा इन्स्टिट्यूटने जुनी-नवी नावे एकत्र गुंफून एका क्लिकवर वैद्यकीय निबंध शोधता येतील असे साधन उभे केले. अल्बर्टा विद्यापीठाच्या ग्रंथालयातही असे तयार शोधसूत्र बनले.

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. सिकलसेल विदर्भातल्या आदिवासींना छळतो तसा आपल्या समाजालाही छळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, निलगिरीच्या आदिवासींमधली. १९५८ साली मध्य भारतावरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. दरम्यान १९५६ साली नागपुरात आम्ही धम्म स्वीकारला. पण संशोधनात आम्ही कुठे 'महार', कुठे 'नवबौद्ध', कुठे नुसतेच 'अनुसूचित जाती' असतो. एकच शब्द शोधणाऱ्याला एकच तुकडा मिळतो आणि तुकड्यांवरून धोरणाची मागणी करता येत नाही.

म्हणून वैद्यकीय, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. शोधताना आजचे नाव, जुने सरकारी नाव, अपमानकारक नाव, जमातीचे नाव, जिल्ह्याचे नाव आणि स्पेलिंगचे सगळे प्रकार 'किंवा' लावून एकत्र टाकावेत. अपमानाचा शब्द शोधायला वापरावा, लिहायला नाही. निबंध मिळाला की आधी विचारावे: रक्त कोणाचे घेतले, संमती कोणी दिली, निष्कर्ष वस्तीत परत आले का? उत्तरे मराठीत, गोंडीत, कोरकूत लिहून वस्तीपर्यंत न्यावीत.

'शिका' या आदेशात हेही आले. आपल्याविषयी जे लिहिले गेले ते शोधून वाचल्याशिवाय संघर्षाला पुरावा मिळत नाही.

जयभीम!