अपुऱ्या दिवसांचे लेकरू

सातव्या महिन्याचे लेकरू जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत आमच्या परभणीकडे जुनी आहे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील जन्म घातक, असे चरकसंहितेतही सांगितले आहे. विज्ञानाने हे गणित उलटे ठरविले. गर्भात मिळालेला प्रत्येक आठवडा फुप्फुसे, मेंदू व दृष्टी यांना बळ देतो. 37 आठवडे पुरे होण्याआधीचा जन्म तो अपुऱ्या दिवसांचा.

अशी बाळे जगविण्याचा इतिहास ठेचा खातच पुढे गेला. 1940 नंतर पाश्चात्त्य रुग्णालयांत त्यांना मुबलक प्राणवायू मिळू लागला. जीव वाचले, पण हजारो मुले आंधळी झाली. दोष अतिरिक्त प्राणवायूचा, हे 1954 च्या सुमारास सिद्ध झाले. बाळ जगले की काम संपले, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 मधील, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी त्यांची बुद्धी सरासरीने सामान्य मर्यादेत, पण बरोबरीच्या मुलांहून कमी भरली. फारच लहान जन्मलेल्यांना गणित जड गेले. शाळेत ‘मठ्ठ’ म्हणून मागे बसविलेल्या पोराचे दुखणे असे जन्माइतके जुने असू शकते!

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून 39 गावांत आरोग्यदूतांकरवी घरोघर नवजातांची निगा राखली. ऊब, आईचे दूध आणि जंतुसंसर्गावर वेळीच औषध, एवढ्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील मृत्यू शेकडा 33 वरून 10 वर आले.

परंतु आम्हा कामगारांचा प्रश्न याही आधीचा आहे. बाळंतपणापूर्वी आईला विसावा हवा, असे डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात मांडले. 1929 साली तेथे गिरणीतल्या बायांसाठी कायदा झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या बायांना त्याचा उपयोग नव्हता. 1961 चा कायदा देशभर आला, 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली; पण कापूस वेचणारी, ऊस तोडणारी बाई त्या कायद्याबाहेरच राहिली.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे: गरोदर मजूर बाईला मजुरीसह विसावा, अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांची महिन्याच्या आत तपासणी, आणि ते शाळेत रुळेपर्यंत त्याच्यावर लक्ष. ही भीक नव्हे, आमच्या घामाचे देणे आहे.