पांढरी आणि काळी : बुलढाणा जिल्ह्यांतील वसतीच्या वाढीचा विचार

१. विषयप्रवेश

गांव म्हणजे पांढरी आणि काळी या दोहोंचा जोड होय. ज्या भूमीवर घरें उभीं राहतात ती पांढरी, आणि जी नांगराखालीं येते ती काळी. राजकीय इतिहास लिहितांना लढाया, तह व वंशावळी यांकडे आपण जितकें लक्ष पुरवितों, तितकें या पांढरीच्या इतिहासाकडे पुरवीत नाहीं. अमुक गांव केव्हां वसलें, कोणाच्या कौलानें वसलें, तेथें माणसें कोठून आलीं व कां राहिलीं, आणि पुढें तींच माणसें तें ठिकाण सोडून कां गेलीं, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहींत. प्रस्तुत लेखांत बुलढाणा जिल्ह्यापुरता हा विचार करावयाचा आहे. या जिल्ह्यांत सध्यां पांढरी काळीवर पूर्वीं कधीं नव्हती इतक्या वेगानें पसरत आहे. आणि या नव्या वाढीखालीं जुन्या वाढीचा पुरावा गाडला जात आहे. तो पुरावा कोणत्या प्रकारचा आहे हें आधीं समजल्याखेरीज तो वांचविण्याचा यत्नही नीट होणार नाहीं.

२. भूमि आणि पाणी

या जिल्ह्याचे निसर्गतः दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगराच्या रांगेवरील तो बालाघाट आणि खालील पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील तो पायनघाट. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगांवराजा हीं ठिकाणें घाटावरचीं. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद हीं घाटाखालचीं. खामगांव हेंही डोंगराच्या पायथ्याशीं, पायनघाटांतच येतें.

पायनघाटाची काळी खोल व कसदार असून कापसास उत्तम. परंतु पूर्णेच्या दोहों बाजूंस मोठा खारपाणपट्टा आहे. तेथें विहीर खणली तरी गोडें पाणी लागेल असा भरंवसा नसतो. पीक भरपूर पण पिण्याचें पाणी दुर्मिळ, असें हें विचित्र भाग्य आहे. अशा पट्ट्यांत वसतीस नदीनाल्यांचा व तळ्यांचा आश्रय शोधावा लागे. याच्या उलट घाटावर जमीन हलकी, दगड मुबलक आणि विहिरींचें पाणी गोड. घरांची बांधणीही यास अनुसरूनच झालेली दिसते. घाटाखालीं धाब्याचीं घरें, म्हणजे लाकडी सऱ्यांवर मातीचें छत. घाटावर दगडी जोत्यांचे वाडे. धाब्यावर घालण्यास जुन्या पांढरीची चिकण खारी माती चांगली, म्हणून लोकांनीं पिढ्यान् पिढ्या गांवच्या पडक्या गढ्या खणून माती नेली. एका काळाच्या संरक्षणाची भिंत दुसऱ्या काळाचें छप्पर झाली.

३. ग्रामनामांची साक्ष

ज्या काळचे कागद उपलब्ध नाहींत त्या काळाविषयीं ग्रामनामें कांहीं सांगतात. खेड हें संस्कृत खेट यापासून, गांव हें ग्राम यापासून, आणि देऊळ हें देवकुल यापासून आलें, हें सर्वमान्यच आहे. लोणार या नांवांत लवण आहे व तेथील सरोवराचें पाणीही खारट आहे. मेहकर हें मेघंकर या नांवावरून आलें अशी परंपरा आहे. बुलढाणा म्हणजे भिल्लठाणा, भिल्लांचें ठाणें, अशी व्युत्पत्ति सांगतात. ती खरी धरल्यास हें स्थान मूळचें शेतकऱ्यांचें नसून डोंगरवासीयांचें होतें असें ठरतें.

याहून उपयोगी साक्ष नांवांच्या शेपटांची आहे. पिंपळगांव सराई, पिंपळगांव राजा, पिंपळगांव काळे हीं तिन्ही गांवें याच जिल्ह्यांतलीं. सराई हा शब्द वाटसरूंच्या उतारशाळेचा. ज्या गांवाच्या नांवास तो जडला, तें कधीं काळीं रहदारीच्या वाटेवर असावें असा तर्क करण्यास जागा होते. तसेंच एकाच नांवाच्या दोन गांवांपैकीं एक बुद्रुक व दुसरें खुर्द असलें, म्हणजे फारसी बुजुर्ग व खुर्द यांप्रमाणें एक थोरलें व एक धाकटें, तर मूळच्या गांवाची वसती वाढून धाकटें गांव फुटून निघालें असण्याचा संभव असतो. लोकसंख्येच्या वाढीची ही सर्वांत जुनी नोंद होय, आणि ती कोणत्याही दप्तरांत नसून लोकांच्या तोंडीं आहे.

४. कोटाच्या आंतील वसती

मध्ययुगांत वसती वाढली ती जेथें पाणी, धंदा व संरक्षण हीं तिन्ही एकत्र आलीं तेथें. आइने अकबरींत मेहकर हें एका सरकारचें मुख्य ठिकाण आहे. तेथील मोमीन विणकर इतके संपन्न होते कीं गांवकुसवाचें काम त्यांनींच अंगावर घेतलें असें सांगतात, आणि मोमीन वेशीवरील लेखाचा काळ इ. स. १४८८ असा दिला जातो. राजानें नव्हे तर कारागिरांनीं कोट बांधावा, हें त्या पेठेच्या ऐश्वर्याचें मोठेंच गमक आहे. रोहिणखेड येथील मशीद खुदावंदखान महदवी यानें १५८२ त बांधविली. आज लहानसें वाटणारें तें गांव त्या वेळीं घाटाच्या वाटेवरील मोक्याचें स्थान होतें आणि १५९० ची प्रसिद्ध लढाई तेथेंच झाली.

सिंदखेड तर जाधवरावांचें. तेथील राजवाडा, काळा कोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव हीं पाहिलीं म्हणजे कळतें कीं नगर वसवितांना त्या घराण्यानें भिंतींइतकाच पाण्याचा विचार केला होता. जिजाऊसाहेबांचा जन्म येथें १५९८ त झाला. १६२९ त लखुजीराव दौलताबादेस मारले गेले, लगेच १६३० चा दारुण दुष्काळ आला, पुढें १७५७ च्या अखेरीस याच सिंदखेडाभोंवतीं मराठे व निजाम यांचें युद्ध पेटलें. नगराची कळा उतरत गेली. जाधवांच्या आश्रयानेंच वाढलेलें देऊळगांवराजा श्रीबालाजीच्या क्षेत्रामुळें व उदीमामुळें पुढें गेलें. १९०१ च्या शिरगणतींत देऊळगांवराजाची वसती सहा हजारांवर व सिंदखेडची तीन हजारांच्या आंत होती.

कोट होता म्हणून निर्धास्तपणा होता असें मात्र नाहीं. मलकापूरनें १७६१ त राघोबादादांच्या फौजेस साठ हजार रुपये देऊन लूट टाळली. ज्या पेठेस एका वेळीं एवढी रक्कम उभी करतां येते ती लहान नव्हे. पण जी रक्कम देणें भाग पडतें तिचें पुढील वर्षांचें भांडवल खचतें, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे.

५. बाजार, आगगाडी आणि कचेरी

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. त्यानंतर वसतीचीं कारणें बदललीं. कोटाची जागा बाजारानें व ठाण्याची जागा कचेरीनें घेतली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) वऱ्हाडी कापसास अपूर्व भाव आला, आणि १८६७ त मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव अशी पायनघाटांतून गेली. घाटावरचा सर्व मुलूख बाजूस राहिला.

खामगांव हें इंग्रजांच्या आगगाडीनें निर्माण केलेलें शहर, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाहीं. तेथील कापसाचा बाजार १८२० च्या सुमारासच सुरू झालेला होता. मुख्य मार्ग तर खामगांवास आलाच नाहीं. तो आठ मैलांवरील जलंबावरून गेला. बाजार आधींच इतका मोठा होता कीं जलंबापासून खामगांवापर्यंत स्वतंत्र फांटा घालणें सरकारास किफायतशीर वाटलें, आणि तो १८७० त सुरू झाला. सारांश, गाडीनें बाजार आणला नाहीं. बाजारानें गाडी ओढून आणली. पुढें सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले, त्यांच्याभोंवतीं मजुरांच्या वसत्या झाल्या, आणि शहराच्या तहानेसाठीं जनुण्याच्या तलावाचें पाणी आणावें लागलें. बाजाराचा कायदा १८९७ त झाला. एका शतकाच्या आंत व्यापाऱ्यांची पेठ नगर बनली, ती अशा क्रमानें.

बुलढाण्याची गोष्ट याहून निराळी. तेथें ना मोठा बाजार, ना आगगाडी. उंचावरील थंड हवेमुळें साहेबलोकांनीं तें जिल्ह्याचें ठिकाण केलें. कचेऱ्या आल्या, त्यांमागें वकील, शाळा, छापखाने आले.

६. आंकडे काय सांगतात

जुन्या हद्दींतील बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ त ४,८१,०२१ होती, ती १९०१ त ४,२३,६१६ झाली. दहा वर्षांत ५७ हजारांवर, म्हणजे शेंकडा सुमारें बारा माणसें कमी झालीं. १८९६–९७ ची टंचाई व १८९९–१९०० चा दुष्काळ यांचा हा हिशेब. लोकसंख्या नेहमीं वाढतच जाते असें ज्यांस वाटतें त्यांनीं हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे.

१९०५ त अकोल्याकडील खामगांव व जळगांव हे तालुके या जिल्ह्यास जोडले गेले. त्या वाढीव हद्दीची १९०१ ची संख्या ६,१३,७५६ येते. २०११ त जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली; म्हणजे एकशेंदहा वर्षांत सुमारें सव्वाचारपट. याच मुदतींत खामगांव १८,३४१ वरून ९४,१९१ वर गेलें, म्हणजे पांचपट. शेगांव १५,०५७ वरून ५९,६७२, म्हणजे चौपटीच्या जवळ. बुलढाणा मात्र ४,१३७ वरून ६७,४३१, म्हणजे सोळापट! नगरपालिकांच्या हद्दी मध्यंतरीं बदलल्या असल्यानें ही तुलना ढोबळ मानावी. तथापि तिचा कल स्पष्ट आहे. बाजारापेक्षां कचेरीनें माणसें अधिक ओढलीं.

शेगांवचा आंकडाही विचार करण्यासारखा आहे. श्रीगजानन महाराज १८७८ त तेथें प्रकट झाले व १९१० त समाधिस्थ झाले. तेव्हांपासून यात्रेकरूंचा ओघ वाढतच आहे. तरीही राहत्या लोकांची वाढ जिल्ह्याच्या सरासरीहून किंचित् कमीच दिसते. क्षेत्राची गर्दी ही वसती नव्हे. ती येते व जाते. रस्ते, पाणी व उतारशाळा मात्र त्या गर्दीच्या मानानेंच बांधाव्या लागतात.

एवढें होऊनही २०११ त जिल्ह्यांतील शेंकडा सुमारें एकवीसच लोक शहरांत राहत होते. त्यानंतरची शिरगणती २०२१ त व्हावयाची, ती लांबणीवर पडली. म्हणून अलीकडच्या वाढीचा विचार आंकड्यांपेक्षां डोळ्यांनींच करावा लागतो.

७. सांप्रतची स्थिति

डोळ्यांस जें दिसतें तें असें. शहरांच्या कडेची काळी अकृषिक होऊन तिचे लेआउट पडत आहेत. शहराच्या आंत जुने वाडे पाडून तेथें सिमेंटच्या इमारती उठत आहेत. मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ त खुला झाला. आगगाडीनें घाटावरील ज्या मुलखास दीडशें वर्षें बाजूस ठेविलें त्यास हा मार्ग प्रथमच देशाच्या मोठ्या रहदारीशीं जोडतो. जालना–खामगांव लोहमार्गाची मागणी पिढ्यान् पिढ्यांची, पण हें लिहीपर्यंत त्यावरून गाडी धांवलेली नाहीं. नांदुरा तालुक्यांत जिगाव येथें पूर्णेवर मोठें धरण होत आहे. त्यायोगें कोरड्या शेतांस पाणी मिळेल, पण नदीकाठचीं कित्येक गांवें आपली पांढरी सोडून नव्या गांवठाणांत जात आहेत.

यांपैकीं कोणतीही गोष्ट वाईट आहे असें प्रतिपादन करावयाचें नाहीं. माणसें वाढलीं म्हणजे घरें वाढणारच, आणि खारें पाणी पिणाऱ्यास गोडें पाणी मिळूं नये असें कोणता इतिहासभक्त म्हणेल? म्हणणें इतकेंच कीं, पूर्वीं एक वसती ओसरे व दुसरी भरे. ओसरलेल्या वसतींत जुने वाडे, दप्तरें व शिलालेख निवांत पडून राहत. आतां सर्व ठिकाणें एकाच वेळीं उकरलीं जात आहेत. २०२४ त सिंदखेडराजा येथें लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचें काम चालू असतां भूमींतून प्राचीन मंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची भव्य मूर्ति निघाली. तेथें जाणती माणसें हजर होतीं म्हणून ती नीट वर आली. घराचा पाया खणतांना प्रत्येक ठिकाणीं असें कोण हजर असणार?

८. संग्राहकांस विनंति

मूर्ति व शिलालेख यांची किंमत आतां सामान्य लोकांसही कळूं लागली आहे. कागदांची तशी कळलेली नाहीं; त्यांतही वसतीविषयींचे कागद संग्राहकही बाजूस टाकतात, कारण त्यांत राजांचीं नांवें क्वचित् असतात. तरी पुढील प्रकार हातीं आल्यास ते अवश्य राखावे. पहिला, ओस गांव पुन्हां वसविण्याचे कौल व त्यांसोबतचे इस्तावे. वर्षावर्षानें सारा कसा चढवावयाचा हें त्यांत असतें, आणि त्यावरून वसती किती दिवसांत भरण्याची अपेक्षा होती हें कळतें. दुसरा, पेठांचे शेटे-महाजनकीचे कागद. तिसरा, मोहतर्फ्याच्या व घरपट्टीच्या यादी. चौथा, घरांच्या खानेसुमाऱ्या. पांचवा, इंग्रजी मोजणीच्या वेळचे गांव-नकाशे, कारण जुन्या पांढरीची सीमा त्यांवांचून ठरत नाहीं.

खानेसुमारी वाचतांना एक सावधगिरी ठेवावी. घरामागें पांच माणसें असा ठोकताळा लावून लोकसंख्या काढण्याची चाल आहे. परंतु कागदांतील घर म्हणजे कधीं कर भरणारें कुटुंब, कधीं एक चूल, तर कधीं चार चुलींचा आख्खा वाडा असतो. कोणत्या अर्थानें लिहिलें आहे हें त्याच यादींतील पट्टीच्या रकमेवरून ठरवावें. त्याशिवाय गुणाकार करूं नये.

देशमुख-देशपांडे व पाटील-पटवारी यांच्या घराण्यांतून अशीं रुमालें अद्याप असण्याचा संभव पुष्कळ आहे. वाडा पाडण्याचें ठरलें म्हणजे लांकूड विकत घेणारा आधीं येतो, मग तांबें-पितळ घेणारा, आणि कागद शेवटीं रद्दींत जातात. हा क्रम उलटा व्हावयास हवा. ज्या त्या तालुक्यांतील एकेका वाचकानें आपल्या गांवीं कोणता वाडा पडावयाचा आहे हें लक्षांत ठेवून, मालकाच्या संमतीनें रुमालांची यादी करावी, निदान छायाचित्रें घ्यावीं, आणि वाडा कोठें होता, कोणत्या आळींत, कोणत्या तोंडाचा, हें त्या यादीवर लिहून ठेवावें. कारण कागदास त्याचें ठिकाण सुटलें म्हणजे त्याचा अर्धा अर्थ जातो. जिगाव धरणामुळें उठणाऱ्या गांवांचें हें काम सर्वांत आधीं झालें पाहिजे. इतर ठिकाणीं उशीर झाला तर पायाखालीं कांहीं तरी शिल्लक राहील. तेथें मात्र पांढरी पाण्याखालीं जाणार आहे.